बिननाकाचा एसीवाला

एसीवाल्याकडे माणसं दोनच तक्रारी घेऊन येतात. एक, फार गार होतंय. दोन, गारच होत नाही. पुष्कळदा या दोन्ही तक्रारी एकाच खोलीतून, एकाच वेळी, शेजारशेजारच्या टेबलांवरून येतात आणि दोन्ही खऱ्या असतात. एकाच्या डोक्यावर गार हवेची जाळी असते, दुसऱ्याच्या पाठीवर काचेतून येणारं ऊन. अशा वेळी मी शिडी लावायचो, जाळीपाशी उगाच स्क्रू-ड्रायव्हर फिरवायचो, खाली उतरून "आता बघा" म्हणायचो आणि गंभीर चेहऱ्यानं निघून जायचो. बहुतेक तक्रारी तेवढ्यावर बऱ्या व्हायच्या. ज्या व्हायच्या नाहीत, त्यांच्यासाठी सरकार मला पगार देत होतं.

माझी शेवटची नोकरी सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावी, तीन मजली सरकारी इमारतीत झाली. गावाचं नाव सांगत नाही. इमारत अजून उभी आहे आणि तिच्यातले साहेबलोक अजून नोकरीत आहेत. इमारत नव्या धाटणीची, समोरून सगळी काच. काच उघडत नाही, कारण उघडणारी काच नकाशात शोभत नव्हती म्हणे. म्हणून गच्चीवर मोठं यंत्र, यंत्रातून निघालेले पत्र्याचे बोगदे, आणि ते सगळं सांभाळायला मी. मला सगळे 'एसीवाले काका' म्हणत. माझं खरं नाव फक्त हजेरीपटात होतं.

आता माझं गुपित सांगून टाकतो. निवृत्त माणसाला लाज कमी असते. मला वास येत नाही.

जन्मापासूनचं नाही हे. ऐन पंचविशीत मी तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये कामाला होतो. तिथं गार करायला अमोनिया वापरतात. एका दुपारी पाइपाचा सांधा सुटला आणि सगळे पळत असताना मी ओलं फडकं तोंडाला बांधून आत गेलो, व्हॉल्व्ह बंद केला आणि बाहेर येऊन पडलो. मालकानं सत्कार केला, नारळ दिला. नाक मात्र तेव्हापासून मंदावत गेलं आणि पुढच्या काही वर्षांत पार बंद झालं. आमच्या धंद्यात नाक हे अर्धं हत्यार असतं. मोटार जळते आहे, वायर तापली आहे, बोगद्यात उंदीर मेला आहे, हे मीटर दाखवत नाही, नाक दाखवतं. म्हणून मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही ते आमटी करपली त्या दिवशी कळलं. मी दोन वाट्या मागून खाल्ली होती.

मग मी कसं निभावलं? सोंग चांगलं वठवायचो. एकदा एका मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये कुबट वास सुटला. मी आत गेलो, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, मान हलवली आणि म्हणालो, "हं. दहा मिनिटं सगळ्यांनी बाहेर थांबा." सगळे बाहेर गेल्यावर मी भिंतीवरच्या मुंग्यांची रांग बघितली आणि तिच्यामागोमाग गेलो. कपाटामागच्या बोगद्यात खार मरून पडली होती. दार उघडून मी ती बाहेर आणली तेव्हा साहेब म्हणाले, "काय नाक आहे हो तुमचं!" मी नम्रपणे खाली बघितलं. ते सर्टिफिकेट मी पुढं सात-आठ वर्षं मिरवलं.

आता हवेचं थोडं सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. लोकांना वाटतं एसी बाहेरची हवा आत आणतो. आणत नाही. तो आतलीच हवा ओढून घेतो, गार करतो आणि परत आत सोडतो. म्हणजे तुम्ही सोडलेला श्वास शेजारचा घेतो, त्याचा तुम्ही. हे फार होऊ नये म्हणून यंत्राला एक झडप असते, तिच्यातून थोडी ताजी हवा मिसळत राहते. उन्हाळ्यात ही ताजी हवा म्हणजे चुलीसमोरची हवा. ती गार करता करता यंत्राचा जीव जातो. त्या वर्षी चैत्रात साहेब म्हणाले, "काका, काहीही करा, पण गार करा." मी गच्चीवर जाऊन झडप बंद केली. तासाभरात मजला महाबळेश्वर झाला. साहेबांनी पाठ थोपटली. झडप बंद केल्याचं मी कुणाला बोललो नाही आणि आषाढ लागला तरी उघडायचं विसरलो.

तक्रारी सुरू झाल्या दुसऱ्या मजल्यावरून. पहिली जाधव मॅडमची. आवक-जावक टेबलावर बसणाऱ्या, कामाला वाघीण, पण दम्याचा त्रास, पर्समध्ये कायम तोंडात मारायचा फवारा. त्यांनी तक्रार रजिस्टरमध्ये लिहिलं, "सकाळी डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोकं धरतं. सुट्टीच्या दिवशी घरी बरं वाटतं." ती शेवटची ओळ वाचून मी खो खो हसलो. सुट्टीच्या दिवशी घरी कुणाला बरं वाटत नाही? मी शिडी लावली, ठरल्याप्रमाणे दीर्घ श्वास घेतला आणि म्हणालो, "मॅडम, हवा एकदम चोख आहे."

पुढच्या आठवड्यात तिघांनी तेच लिहिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात रजिस्टरचं पान पुरेना. मोहिते भाऊसाहेब म्हणजे आमचे मुख्य लिपिक. त्यांचा नियम असा की तक्रारीला उत्तर गेलंच पाहिजे, आणि उत्तर म्हणजे आदेश. त्यांनी पहिला आदेश काढला, "स्वच्छतागृहाची ॲसिडने सफाई करण्यात यावी." तक्रारी वाढल्या. दुसरा आदेश निघाला, "स्वच्छतागृहात ब्लीचिंग पावडर टाकून निर्जंतुकीकरण करण्यात यावे." तक्रारी दुप्पट. मग तिसरा, "वरील दोन्ही कार्यवाही आठवड्यातून एकदा करण्याऐवजी दररोज करण्यात यावी." प्रत्येक आदेशाखाली पूर्ततेचा शेरा, सही, तारीख. असं निर्दोष दप्तर मी उभ्या नोकरीत बघितलं नाही.

कर्मचाऱ्यांनीही हात बांधून वाट बघितली नाही. कुणी जाळीला ओव्याच्या पुरचुंड्या बांधल्या. सांगलीच्या एकानं घरची हळद आणून निखाऱ्यावर टाकली, त्या धुरीनं आगीची घंटा वाजली आणि तीन मजले रस्त्यावर आले. रस्त्यावर सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण समोरच भजीची गाडी होती. भाऊसाहेबांना कुणीतरी सांगितलं की इमारतीच्या जागी पूर्वी म्हसोबा होता. मग वाहनतळात दुचाकींच्या मधोमध नारळ फुटला. मलाही प्रसाद मिळाला. मी तो खात खात म्हणालो, "मनाचे खेळ आहेत सगळे, भाऊसाहेब." स्वतःला हवेतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि मी नाकानं कांदे सोलत होतो. खरं सांगतो, त्या मजल्यावर गेलो की माझेही डोळे चुरचुरायचे. मी म्हणायचो, गच्चीवरचा वारा.

साहेबांना यातलं काहीच जाणवत नव्हतं. त्यांच्या केबिनला वेगळा एसी होता आणि इमारतीतली एकुलती एक उघडणारी खिडकी. त्यांचं मत होतं की हा कामचुकारपणा आहे.

मग एका सोमवारी सकाळी जाधव मॅडमना धाप लागली. फवारा मारूनही उतरेना. ओठ निळसर झाले. दोघींनी त्यांना धरून जिन्यावरून खाली नेलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात हलवलं. संध्याकाळी निरोप आला की बरं आहे, दोन दिवस ठेवणार आहेत. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून 'मनाचे खेळ' हे शब्द आले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं होतं, "ऑफिसात कसला वायू येतो का?" साहेबांनी चौकशी लावली. मला तोंडी विचारलं, "काका, तुमचं नाक काय म्हणतं?" मी म्हणालो, "उद्या सांगतो." उद्या तरी काय सांगणार होतो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी देव विट्याहून एसटीनं आला. धोतर, कोट, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात वारस नोंदीचे कागद. सत्तरीचे हे आबा तरुणपणी कुठल्या तरी दूरच्या शहरात सोन्याच्या गलाईचं दुकान चालवायचे, म्हणजे जुनं सोनं ॲसिडमध्ये घालून शुद्ध करायचं. बाकावर टेकतात न टेकतात तोच आबांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"आवं भाऊसाहेब," ते मोठ्यानं म्हणाले, "हितं भट्टी कुठं हाय?"

"कसली भट्टी, आबा?"

"गलाईची! कोन सोनं गाळतंय हितं?"

"आवं आबा, सरकारी हापिसात सोनं गाळत्यात व्हय?" भाऊसाहेबही त्यांच्याच बोलीवर आले.

मागून रांगेतला कुणीतरी म्हणाला, "गाळत्यात की, पर भट्टी लागत न्हाई."

सगळा मजला हसला. भाऊसाहेब सोडून. आबा काही हसेनात. "चाळीस वर्सं ह्यो वास घेतलाय मी," ते म्हणाले. "ॲसिड हाय ह्ये. आन त्याच्यासंगं आणिक कायतरी हाय. बायामाणसं बसत्यात हितं, दारं उघडा आदी!"

मी उठलो आणि आबांचा हात धरला. नोकरीत पहिल्यांदाच मी दुसऱ्याचं नाक उघडपणे उसनं घेतलं. त्यांना म्हणालो, "आबा, वास कुठून येतो तेवढं दाखवा." आबा उपरणं बाजूला करून दोन पावलं चालायचे, हुंगायचे, वळायचे. मागून मी, माझ्यामागून भाऊसाहेब, त्यांच्यामागून वारस नोंदीवाले, सातबारावाले, चहावाला. अशी वरात स्वच्छतागृहाच्या दारात जाऊन थांबली.

आत हौसाबाई होत्या. आमच्या सफाईवाल्या, ठेकेदाराकडच्या, अकरा वर्षं तिथंच. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही, खरं तर त्या माझ्याच वयाच्या. त्या आदेशानुसार काम करत होत्या. आधी पावडर पसरायची, तिच्यावर ॲसिड ओतायचं, दार लावून अर्धा तास मुरू द्यायचं. पहिला आदेश आणि दुसरा आदेश, दोन्ही एकाच फरशीवर. या दोन वस्तू एकत्र आल्या की विषारी वायू सुटतो. वाचकहो, घरीसुद्धा हे कधी करू नका.

पण स्वच्छतागृहातला वायू जाधव मॅडमच्या टेबलावर कसा पोचला? इथं माझी कोल्ड स्टोअरेजची विद्या उपयोगी आली. तिथं गळती शोधायची एक जुनी युक्ती आहे. अमोनिया आणि ॲसिडची वाफ भेटली की पांढराशुभ्र धूर होतो. मी सामानातून अमोनियाची बाटली काढली, काठीला बोळा बांधून भिजवला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि दारातूनच काठी आत धरली. भसकन पांढरा धूर उठला. तो वर गेला, छताला लागला, क्षणभर घुटमळला आणि भिंतीच्या डोक्यावरच्या फटीत सुळकन शिरला. भिंत वरच्या स्लॅबपर्यंत बांधलेलीच नव्हती. दिखाऊ छतापर्यंत आणून सोडून दिली होती, आणि त्या छताच्या वरून माझं यंत्र हवा ओढत होतं. आम्ही सगळे धावत मोठ्या खोलीत आलो. थोड्या वेळानं जाधव मॅडमच्या रिकाम्या खुर्चीवरच्या जाळीतून धुराची बारीक रेघ खाली उतरली.

"काका, भूत निघालं!" भाऊसाहेब ओरडले.

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. "भूत कशाचं? तुमचाच कागद हाय त्यो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आबांची वारस नोंद त्या दिवशी चहासकट झाली, हेही त्या इमारतीतलं पहिलंच.

दोन दिवसांनी साहेबांनी बैठक घेतली. जाधव मॅडमही आल्या होत्या, आवाज अजून बसलेला. मी धुराची हकिगत रंगवून सांगितली. साहेबांनी ऐकलं आणि भाऊसाहेबांना मजकूर सांगायला लागले. "सदर प्रकार सफाई कामगाराच्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे घडला असून तिला तात्काळ कामावरून कमी करण्याबाबत ठेकेदारास कळवावे."

भाऊसाहेबांचा पेन थांबला. ते तीनही आदेश त्यांच्याच अक्षरातले होते. त्यांनीच ते हौसाबाईंना वाचून दाखवले होते. ते माझ्याकडे बघायला लागले आणि मी टेबलाकडे. हौसाबाईंच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलगा गेलेला, सून आणि दोन नातवंडं. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. गप्प बसलो असतो तर हारतुरे घेऊन सुखानं घरी गेलो असतो.

"साहेब," मी म्हणालो, "ताज्या हवेची झडप बंद होती. मी बंद केली होती. पहिली तक्रार आली ती त्यामुळेच. ती उघडी असती तर मॅडमवर एवढी पाळी आली नसती."

"कुणाच्या सांगण्यावरून बंद केलीत?"

"उन्हाच्या, साहेब."

साहेब समजून चुकले, पण सावरले. "आणि स्वच्छतागृहातला हवा बाहेर टाकणारा पंखा? तो कुणी बंद केला?"

सगळे छत बघायला लागले. शेवटी जाधव मॅडम बसक्या आवाजात म्हणाल्या, "सर, व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये वरच्या ऑफिसला तुमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. पंख्याचा आवाज येतो म्हणून तुम्हीच वायर काढायला लावली."

साहेब ग्लासभर पाणी प्यायले. मग अजून अर्धा ग्लास. भाऊसाहेबांच्या खांद्यांना हसण्यानं कंप सुटला होता, त्यांनी तो खोकल्यात लपवला, आणि त्या महिन्यातला तो एकच खोकला खोटा होता.

"मोहिते, ते वाक्य खोडा," साहेब म्हणाले.

"कारण काय लिहू, साहेब?"

"तांत्रिक."

केवढा दयाळू शब्द! झडप, पंखा, अर्धवट भिंत, तीन आदेश, सगळे त्याच्या पोटात मावले. भिंत आठवड्यात वरपर्यंत गेली, पंखा सुरू झाला, झडप मी स्वतः उघडली. मला झडपेबद्दल खुलासा मागणारा कागद आला, मी खुलासा दिला, आणि दोन्ही कागद फाइलला लागले. हौसाबाई कामावर राहिल्या.

बैठकीतून मी बाहेर आलो तो छाती फुगवून. इतकी वर्षं नोकरी करून शेवटी एक चांगलं काम हातून झालं, असं मनापासून वाटत होतं आणि ते कुणीतरी बोलून दाखवावं असंही वाटत होतं. हौसाबाई जिन्याच्या वळणावर बसल्या होत्या. आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक होतं.

"मावशी, तुमचं काम राहिलं," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले. पदरानं डोळे पुसले. "लय उपकार झालं, दादा."

तेवढ्यावर मी निघायला हवं होतं. पण मोठेपणा अंगात आला की माणूस लवकर थांबत नाही. मी म्हणालो, "पण मावशी, तुम्ही तर रोज त्या वायूत उभ्या. तुम्हाला त्रास झाला नाही?"

"झाला की. रातभर ढास लागायची. सून म्हनायची, टीबी झाला का काय."

"मग सांगायचं नाही का कुणाला? सगळ्यांनी तक्रारी लिहिल्या, तुमची एक नाही त्या रजिस्टरात."

"आमी कुठं लिवनार त्यात? त्ये टेबलावाल्यांचं." मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "आन सांगितलं हुतं की. तुमास्नी."

"मला? कधी?"

"दुसरा कागूद आला त्याच आठवड्यात. तीन जिनं चढून गच्चीवर आलते न्हवं का? म्हनलं, दादा, संडासात लय उग्र वास येतोय, मशिनीचं काय बिघडलं का बगा. तुमी आला खाली. असं डोळं मिटून हुंगलं, आन म्हनला, मावशी, मला तर मोगऱ्याचा वास येतोय."

त्या सांगत गेल्या तसं मला सगळं आठवलं. त्यांच्याबरोबर दुसरी एक बाई होती, ती फिसकन हसली होती. हौसाबाईही हसल्या होत्या. त्या हसण्यावर खूश होऊन मी शीळ घालत गच्चीवर गेलो होतो.

"मला वाटलं, तुमी मशीनवालं," त्या म्हणाल्या. "तुमास्नी न्हाई आला म्हंजी नसंलच वास. मलाच कायतरी हुतंय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. सत्काराच्या नारळापासून लपवत आलेली गोष्ट मी पहिल्यांदा त्या इमारतीत तोंडानं बोललो.

"मावशी, मला वासच येत नाही. कसलाच. तेव्हाही येत नव्हता."

हौसाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. रागावल्या नाहीत. बादली उचलली, फडकं पिळून तिच्या काठावर टाकलं.

"मग तसं सांगायचं हुतं की वो, दादा," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या कुनाला तरी इचारलं आसतं."